पूर्वजांची नोंद कोणाच्या लेखणीची?



दीक्षेचा समारंभ आटोपतो, माणसे घरी परततात, देव्हाऱ्यातील टाक काढले जातात, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लागते. आणि मग एखाद्या संध्याकाळी घरातील लहान मूल विचारते, आपले पणजोबा कोण होते? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. देव बदलता येतात, सण बदलता येतात, पूर्वज काही बदलता येत नाहीत. आणि ज्या नावाने गावाने त्यांना पिढ्यान् पिढ्या हाक मारली ते नाव तर आपण मागे टाकून आलो. म्हणून पुष्कळ घरांत या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही. मुलाला बाहेर खेळावयास धाडून देतात.

रत्नागिरीकडील एका नवदीक्षित कुटुंबाने नुकताच आमच्यापुढे एक पेच ठेवला. तो त्यांच्यापुरता नाही, म्हणून येथे मांडतो. त्यांचे खापरपणजोबा पोटासाठी मुंबईस गेले आणि तेथून 'मोरसाला' गेले, एवढीच हकिकत घरात चालत आलेली. त्यांचे नाव बदलून आपण येथे राघू म्हणू. राघू परत आले नाहीत. मागे राहिलेल्या एका मुलापासून आजचे घराणे वाढले. मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्या आज्या पांढऱ्या साखरेला 'मोरस साखर' म्हणत. ती गोडी ज्यांच्या घामातून निघाली त्यांत आपल्याच वाड्यांतील माणसे असतील हे मात्र कोणी कोणास सांगितले नाही.

घरातील शिकलेल्या थोरल्या मुलाने मॉरिशसच्या दप्तरखान्याशी पत्रव्यवहार केला. तिकडून एक नव्हे, दोन उतारे आले. दोन्हींत नाव तेच, बापाचे नाव तेच, मुलूख 'रटनाघेरी', वयांत अवघे तीन वर्षांचे अंतर. फरक मुख्यतः एका रकान्यात. एकाच्या नावापुढे 'महार' अशी नोंद आहे, दुसऱ्याच्या नावापुढे 'मराठा'. आता घरात दोन तट पडले आहेत. थोरला म्हणतो, पुरावा समसमान असता आपण 'मराठा' लिहिलेला राघू का धरू नये? धाकटा म्हणतो, आपण बौद्ध झालो, जातीचे कागद घरात कशाला, दोन्ही फाडून टाका. आई अक्षरशत्रू आहे. ती म्हणाली, "अरे, आधी माणूस तरी शोधा!"

आमचे मत आईच्या बाजूचे आहे. मात्र ते नुसत्या भावनेने नव्हे. हे कागद कसे तयार झाले ते पाहिले म्हणजे थोरल्याची युक्ती आणि धाकट्याचा संताप या दोहोंचा पाया किती कच्चा आहे हे आपोआप दिसून येईल.

इंग्रजांच्या साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपण्याच्या सुमारास ऊसमळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' हे जहाज कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरास लागले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी रद्द झाली, आणि गुलामांनी सोडलेल्या शेतांत करारी मजूर उतरले. मध्यंतरी १८३८ साली छळाच्या तक्रारींमुळे ही भरती थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने त्या बेटावर गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा त्यात लहान आहे. परंतु त्या वाट्यात कोकण आणि घाटावरची मराठी बोलणारी माणसे होती, आणि त्यांच्या नोंदींत कुणबी, मराठा, महार अशी नावे आढळतात.

पोर्ट लुई येथे १८४९ पासून मजुरांना उतरवून घेण्याचा स्वतंत्र तळ होता. त्याला 'कुली घाट' म्हणत. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली. धक्क्यावरून वर नेणाऱ्या १६ दगडी पायऱ्या तेथे अजून दाखवितात. त्या पायऱ्या चढून वर गेलेल्या माणसास मेजामागे बसलेला कारकून प्रश्न विचारी आणि उत्तर रोमन लिपीत लिहून घेई: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, गाव, जात, जहाज. सर्वांत शेवटी त्या माणसास एक क्रमांक मिळे. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रही काढू लागले. हे सारे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेले आहे आणि वंशजांना त्यातील उतारे मिळू शकतात.

आता या मेजापुढचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. एका बाजूस आठवड्यामागून आठवडे समुद्रावर काढलेला, अक्षर न ओळखणारा माणूस. दुसऱ्या बाजूस इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाचा कारकून. मध्ये दुभाषी, आणि तो मराठी जाणणाराच असेल याची काय खात्री? राघूला आपले जन्मवर्ष ठाऊक नव्हते. तो "असेल पंचवीस" म्हणाला की कारकुनाने चेहरा पाहून पंचवीस लिहिले, हे आपल्याला कधी कळणार नाही. मग दोन उताऱ्यांतील वयाचे तीन वर्षांचे अंतर तरी कितपत खरे मानावयाचे? रत्नागिरीचे 'रटनाघेरी' झाले ते ओळखता आले, कारण ते जिल्ह्याचे नाव होते. गावाच्या नावाचे जे काही झाले असेल ते ओळखणे कठीण. कित्येकांच्या बाबतीत गाव राहिले बाजूलाच, ज्या बंदरातून निघाले त्याचेच नाव लागले.

आणि जातीचा रकाना? अंदाज आणि सोय यांना तर या रकान्यात मोकळे रान होते. मळेवाल्यांना राबणारे हात हवे होते, तेव्हा भरती करणारा दलाल जे सांगावयास शिकवी ते सांगितले जाई. ब्राह्मणाला मळेवाले नको म्हणतील म्हणून ब्राह्मणाने आपली जात लपवावी, आणि काळे पाणी ओलांडताना मागचा कलंक समुद्रात बुडाला तर बरे म्हणून अस्पृश्याने वरची जात सांगावी, या दोन्ही गोष्टी अशा दप्तरांचा अभ्यास करणाऱ्यांना परिचित आहेत. शिवाय एक बारीक गोष्ट आपल्या थोरल्या बंधूंच्या ध्यानात आलेली दिसत नाही. इंग्रजी लिहिणारा 'महरट्टा' हा शब्द जातीसाठीच वापरी असे नाही. मराठी मुलखातल्या, मराठी बोलणाऱ्या कोणाही माणसास तो ते नाव लावून मोकळा होई. तेव्हा 'मराठा' म्हणून नोंदलेला राघू जातीने मराठा असेल, महारही असेल, किंवा आणखी कोणी असेल. त्या शब्दावर कुलाचा इमला चढविणारा मनुष्य कारकुनाच्या आळसावर इमला चढवितो!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'महार' अशी नोंद असली म्हणजे तेवढ्यानेच तो आपला राघू ठरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला तो काही एकटा महार नव्हता. म्हणजे ज्या रकान्यावरून घरात भांडण पेटले आहे तो रकाना या वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लावू शकत नाही.

मग निकाल कशाने लागेल? मॉरिशसच्या दप्तराची एक विशेषता येथे कामी येते. माणसाचे नाव दर कागदावर निराळे होई. सखारामचा 'सॅकराम', विठूचा 'इतू'. त्याचा क्रमांक मात्र बदलत नसे. कराराच्या कागदावर, लग्नाच्या नोंदीत, तक्रार अर्जात, मृत्यूच्या नोंदीत तोच क्रमांक त्याच्या पाठीमागे फिरे. माणसाला आकड्यात मोजण्यासाठी केलेली ही योजना आज त्याच्या वंशजाच्या हातातील दोरी झाली आहे. दोन राघूंचे दोन क्रमांक उताऱ्यांवर आहेतच. त्या क्रमांकांवरून पुढच्या नोंदी मागवाव्यात. एखाद्याने तेथे लग्न केले असेल तर त्या नोंदीत बापाच्या नावाबरोबर आईचेही नाव मिळण्याचा संभव आहे, आणि घरात राघूच्या आईचे नाव कोणाला तरी ठाऊक असेलच. तसेच जहाज पाहावे. एका गावची, एका वाडीची माणसे पुष्कळदा जोडीने निघत, एकाच जहाजावर चढत, आणि मग त्यांचे क्रमांक एकापाठोपाठ एक लागलेले सापडतात. ज्या राघूच्या मागेपुढे आपल्या गावची नावे असतील तो आपला असण्याचा संभव अधिक. नावाच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय दिसतो का, तेही पाहावे. रामनाक, सिदनाक अशी नावे महारांत चालत. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांपैकी २२ नावे अशीच 'नाक' या अक्षरांनी संपतात. कारकुनाने लिहिलेल्या जातीपेक्षा आईने ठेवलेले नाव अधिक बोलके असते.

आणि एवढे करूनही कळले नाही तर? तर कळले नाही असे लिहावे. वंशावळीच्या कागदावर त्या जागी दोन्ही क्रमांक लिहावेत, मध्ये 'किंवा' हा शब्द घालावा. या 'किंवा'ची लाज वाटण्याचे कारण नाही. गायत्रा बहादूर या गयानात जन्मलेल्या अमेरिकन पत्रकर्तीने आपल्या पणजीचा असाच शोध घेतला आणि २०१३ साली 'कुली वुमन' हे पुस्तक लिहिले. पणजीचे नाव सुजारिया. १९०३ साली ती कलकत्त्याहून 'क्लाइड' जहाजाने ब्रिटिश गियानाला गेली, एकटी आणि गरोदर. बोटीवरच तिला मूल झाले. तिच्या प्रवासपत्रावर तिची जात ब्राह्मण लिहिलेली आहे. ती का निघाली, मुलाचा बाप कोण, तिला घराबाहेर काढले की ती स्वतः पडली, यातील काहीच त्या कागदावर नाही. पणती बिहारातील त्या गावी जाऊन आली. जेथे पुरावा संपला तेथे तिने कल्पित कथा रचली नाही. सरळ प्रश्नामागून प्रश्न लिहीत गेली. ब्राह्मण म्हणून नोंदलेल्या स्त्रीचीही कागदाने ही गत केली. मग ज्यांना गावात सावलीसकट दूर ठेवले त्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्यांच्या निर्वेध वंशावळीची अपेक्षा कोणी कशाला करावी?

येथे एका धंद्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. काही मंडळी पैसे घेऊन वंशावळी करून देतात आणि त्या नेमक्या एखाद्या राजघराण्यापाशी जाऊन पोहोचतात. मागणाऱ्याची ऐपत मोठी असेल तर राजाही मोठा मिळतो. आपल्यातील काही नवदीक्षित कुटुंबेही या मोहात सापडतात आणि आपले मूळ नागराजापर्यंत किंवा एखाद्या क्षत्रिय कुळापर्यंत पोहोचल्याचा कागद चौकटीत लावतात. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांच्या पूर्वजांचा बौद्ध धम्माशी संबंध मांडला हे खरे. परंतु तो एका समाजाच्या इतिहासाविषयीचा, कारणे देऊन मांडलेला सिद्धान्त होता. तुमच्या-आमच्या घरातील अमुक माणूस अमुक राजाचा खापरपणतू, असा दाखला त्यांनी कोणास दिलेला नाही. रकान्यातील 'मराठा' हा शब्द उचलणे काय किंवा विकत घेतलेला राजा भिंतीवर टांगणे काय, दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे: वरच्या कुळात जन्मला तरच पूर्वज सांगण्याजोगा. ही समजूत आपण कोणत्या धर्मात सोडून आलो ते आठवून पाहा.

तथागतांच्या चरित्रातील एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. बुद्धत्वप्राप्तीनंतर ते कपिलवस्तूस आले आणि भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरू लागले. शुद्धोदनाला ते सहन झाले नाही. आपल्या कुळात कोणी भीक मागितली नाही, असे त्याने म्हणताच तथागतांनी उत्तर दिले की ते कूळ तुमचे. माझे कूळ बुद्धांचे, आणि त्या कुळाची ही रीत आहे. पुढे शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल व आमचा शाक्यकुळाचा ताठा मोडेल. वंशावळीचा अभिमान कसा मोडावा हे ज्यांनी स्वतःच्या घराण्यावर प्रयोग करून दाखविले, त्यांच्या तसबिरीशेजारी आपण विकत घेतलेला राजा टांगणार काय?

आता धाकट्या बंधूंकडे वळू. कागद फाडण्याची त्यांची ऊर्मी आम्हांला समजते. त्या शब्दाने त्यांचे बालपण पोळले असेल. परंतु फाडण्याने कोणाचे काय जाते याचा त्यांनी विचार करावा. आपल्या लोकांची नावे ज्या कागदांत आली ते कागद बहुतेक सारे आपल्याला राबविण्यासाठीच लिहिले गेले. मॉरिशसचे दप्तर मळेवाल्यांच्या सोयीचे. आपल्याकडे महार वतनाच्या नोंदी कुलकर्ण्याच्या मोडी दप्तरात असत आणि त्यांत कोणत्या घराने कोणती गावकी कोणत्या पाळीने करावयाची ते लिहिलेले असे. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ती कायद्याने तुटावयास १९५८ साल उजाडले. तरी एखाद्या घराण्यास आपल्या पणजोबाच्या बापाचे नाव सापडते ते त्याच वतनी कागदात सापडते. कागद लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता म्हणून त्या कागदातील माणूस वाईट होत नाही. तो फाडला तर कुलकर्ण्याचे काहीच बिघडत नाही, आपला माणूस तेवढा दुसऱ्यांदा नाहीसा होतो.

शिवाय हा नुसता स्मरणाचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने धर्माची अट घातली आणि बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींस मुकावे लागले. ती अट दूर होऊन बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल लागले. आज महाराष्ट्रात जातवैधता मागावयाची झाल्यास १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा व वंशावळ पुढे करावी लागते. आणि तो पुरावा म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यातील किंवा जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील तोच शब्द, जो धाकट्या बंधूंना डोळ्यांपुढे नको आहे. धर्मांतराच्या उत्साहात जुने दाखले जाळून टाकायचे आणि मुलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेशाळेतून जुनी रजिस्टरे धुंडाळीत हिंडायचे, ही पाळी कोणावर येऊ नये. तो शब्द तुमचे नाव नाही. तुमच्या घराण्यावर झालेल्या अन्यायाची ती नोंद आहे, आणि भरपाई मागणाऱ्याने फिर्यादीचा कागद हरवून चालत नाही.

असे कागद हाती असताना माणसे काय करू शकतात याचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून नाताळच्या दरबान बंदरात पोहोचले. त्यानंतर १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक करारी मजूर तेथे गेले. त्यांच्याही नोंदींत जातीचा रकाना होता, आणि पुष्कळ तामिळांच्या नावापुढे अस्पृश्य मानलेल्या जातींची नावे पडली होती. इकडे मद्रासकडे पंडित अयोथी दास यांनी १८९८ साली शाक्य बौद्ध संघ स्थापून परैयर हे मूळचे बौद्ध असल्याचे प्रतिपादन सुरू केले होते. १९०७ पासून त्यांचे तामिळ साप्ताहिक निघू लागले. समुद्रापलीकडे गेलेल्या आपल्या लोकांपर्यंत हा विचार पोहोचला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दरबानमध्ये या मजुरांच्या वंशजांनी आपला बौद्ध संघ उभारला. नागपूरच्या दीक्षेच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! त्या लोकांनी जहाजाच्या याद्या जाळल्या नाहीत. त्या आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. यादीत कारकुनाने जे लिहिले ते यादीत राहिले, आणि स्वतःला काय म्हणावयाचे ते त्यांनी स्वतः ठरविले.

मॉरिशसच्या मजुरांनीही स्वतःच्या तोंडाने बोललेला एक कागद आहे, तो आम्ही राघूच्या कुटुंबास मुद्दाम सुचवितो. तेथे एक दिवस गैरहजेरी झाली तर दोन दिवसांची मजुरी कापीत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांवरही छायाचित्र लावलेले ओळखपत्र सतत जवळ बाळगण्याची सक्ती झाली. ते जवळ नसले की भटक्या म्हणून पकडीत. १८७१ साली अडोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने ९४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे गाऱ्हाण्याचा अर्ज केला. त्यातून १८७२ साली चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७५ साली त्याचा अहवाल आला. राघू १८७१ साली हयात असतील तर त्या नऊ हजारांत ते असू शकतील. मेजामागच्या कारकुनाने "तू कोण" असे विचारले तेव्हाचे उत्तर आपल्याला दुभाष्याच्या तोंडून मिळाले आहे. आपल्यावर काय अन्याय होतो हे सांगणाऱ्यांत ते होते असे निघाले, तर घराण्याला त्याहून मोठी सनद कोणती हवी?

नावाच्या बाबतीत एक सूचना. मॉरिशसमध्ये पुष्कळदा पहिल्या मजुराचे एकेरी नाव किंवा त्याच्या बापाचे नाव हेच पुढे आडनाव होऊन बसले. तेव्हा राघूंचे तिकडील वंशज असलेच तर इकडील आडनावाने ते सापडणार नाहीत. आपल्याकडे हे काही नवे नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, त्यावरून आंबडवेकर, आणि शाळेच्या दप्तरात आंबेडकर. एका रजिस्टरातील ओळीने घराण्याचे नाव बदलले, आणि बदललेले नावच जगाला ठाऊक झाले.

असे वंशज सापडले तर त्यांस पहिल्याच पत्रात जात विचारू नका. त्या देशात 'मराठी' हे एका भाषिक समाजाचे नाव आहे. ते लोक गणेश चतुर्थी थाटाने करतात आणि त्या दिवशी देशभर सुटी असते. त्यांचा धर्म तुमचा नसेल. पूर्वजाच्या रकान्यात काय होते हे त्यांना ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून सांगावयाचे नसेल. त्यांना राघूच्या आईचे नाव विचारा, गावाचे नाव विचारा, घरात कोणती म्हण, कोणती ओवी चालत आली ते विचारा. एकाच माणसाने इकडे टाकलेले मूल आणि तिकडे वाढविलेले मूल यांच्या वंशजांना बोलण्यासारखे पुष्कळ असते. इकडच्या घराला एक अप्रिय प्रश्नही त्यात विचारावा लागेल: जी बाई येथे एकटी मूल घेऊन राहिली तिचे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे काय? तीन भावांच्या या घरात राघूसाठी समुद्रापार पत्रे गेली. ज्या माउलीने घराणे जगविले तिचे नाव अजून कोणी विचारलेले नाही. ती कोणत्याही जहाजाच्या यादीत नाही. गावातील वयोवृद्ध बायका जिवंत आहेत तोवर तिचे नाव सापडू शकेल, आणि ते काम मोकाच्या पत्रापेक्षा तातडीचे आहे.

तेव्हा या कुटुंबास आमचे सांगणे असे. दोन्ही उतारे जपून ठेवावेत. ज्या पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला आहे त्याच पेटीत ठेवावेत. वंशावळीत राघूंच्या जागी दोन्ही क्रमांक लिहावेत. त्यांच्या शेजारी बायकोच्या नावाची जागा मोकळी सोडावी. येत्या सुटीत थोरल्याने गावी जाऊन म्हाताऱ्यांकडे बसावे, धाकट्याने दोन्ही क्रमांकांच्या विवाह व मृत्यूच्या नोंदींसाठी मॉरिशसला दुसरे पत्र लिहावे. जे कळेल ते आम्हांस कळवावे. नावे गाळून आम्ही ते याच पानावर छापू.